वाघ आपला, मुक्काम कुणाचा?

चंद्रपूरच्या रेल्वेस्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाचे स्वागत भिंतीवरील वाघ करतात. ताडोब्याचे अरण्य आणि त्यातील पशुपक्षी यांच्या चित्रांनी हे स्थानक आणि शेजारचे बल्लारशा स्थानक सजले आहे. २०१८ साली रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत या दोन स्थानकांना देशात पहिले पारितोषिक मिळाले. त्याचा अभिमान कोणाही चंद्रपूरकरास वाटावा. परंतु त्या चित्रांखालून जाणाऱ्या माणसांकडे घटकाभर निरखून पाहावे. कोणी कोळशाच्या खाणीत कामावर निघालेला, कोणी वीज केंद्रातला, कोणी कचेरीच्या तारखेसाठी, कोणी दवाखान्यासाठी आलेला. ज्या वाघाचे चित्र भिंतीवर आहे तो वाघ पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून निघालेला पाहुणा या गर्दीत क्वचितच आढळतो. तो नागपूरच्या विमानतळावर उतरतो, उमरेड-चिमूरच्या बाजूने परस्पर कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारापाशी जातो, दोन रात्री तेथील रिसॉर्टमध्ये काढतो आणि आल्या वाटेने परततो. चंद्रपूर हे नाव त्याच्या दृष्टीस पडते ते पत्त्यातील जिल्हा म्हणून.

या पार्श्वभूमीवर एका प्रश्नाचा विचार शांतपणे व्हायला हवा. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांनी मिळून पर्यटन-प्रसाराची एक प्रादेशिक संस्था उभारावी काय, आणि चंद्रपूर महानगरपालिकेने वर्गणी भरून तिचे सभासद व्हावे काय? हा विषय निघाला की सामान्यत: दोन सूर ऐकू येतात. एक उत्साहाचा : जाहिरात झाली की पाहुणे येतील, पाहुणे आले की पैसा येईल. दुसरा तुच्छतेचा : जेथे नळाला धड पाणी नाही आणि अंगणात राख पडते, तेथे पर्यटनाची चैन हवीच कशाला? प्रस्तुत लेखकास हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. चंद्रपूरने अशा संस्थेत जावे, असे माझे मत आहे. मात्र वाघाची जाहिरात करण्यासाठी जाऊ नये. वाघासाठी आलेल्या पाहुण्याचा एक मुक्काम वाढावा आणि तो मुक्काम या भूमीतील माणसांच्या पदरी पडावा, एवढ्यासाठीच जावे.

एका जिल्ह्याचे दोन जिल्हे

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोपर्यंत वर्धा नदीपासून इंद्रावतीपर्यंतचा सारा मुलूख एकच जिल्हा होता. जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अजूनही 'चांदा' आहे. एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा कारभार एका ठिकाणाहून होणे अशक्यच होते, म्हणून विभाजन योग्यच झाले. परंतु सरकारी सोयीसाठी आखलेल्या सीमेने नद्या, अरण्ये आणि माणसांची नाती विभागली जात नाहीत. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती कोणत्या जिल्ह्याची म्हणावी?

या एकत्रित प्रदेशात पाहण्याजोगे काय आहे, याची उजळणी आपणच करीत नाही. चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या त्याच्या चार वेशींतून आजही शहराची रहदारी चालते. राणी हिराईने आपल्या पतीसाठी, बीरशहा राजासाठी, बांधविलेली समाधी शहरातच आहे. उत्तरेस भद्रावतीला विजासन लेणी, भद्रनागाचे देवालय आणि पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. त्यापलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन. पूर्वेस वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचा देवालय-समूह आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. पुढे आलापल्लीच्या सागवानाचे वनवैभव, कमलापूरचा हत्ती कॅम्प, १९७३ साली हेमलकसा येथे सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प, आणि भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम. अगदी दक्षिणेस सिरोंचा, जेथे प्राणहिता गोदावरीस मिळते. जवळच वडधमचे जीवाश्म उद्यान आणि नदीपलीकडे तेलंगणातील काळेश्वर.

ही यादी देण्याचे कारण एवढेच की, यातील एकही स्थळ एकटे असताना दूरच्या पाहुण्यास ओढून आणू शकत नाही. केवळ मार्कंडा पाहण्यासाठी मुंबईचे कुटुंब हजार किलोमीटरचा प्रवास करणार नाही. ते ताडोब्यासाठी येईल, आणि कोणी नीट सांगितले तर आणखी एक दिवस राहून मार्कंडाही पाहील. चंद्रपूर शहराचेही तसेच आहे. म्हणजे ताडोब्याखेरीज इतर सर्व स्थळे परस्परांवर अवलंबून आहेत. एकत्र येण्यामागचे खरे आर्थिक कारण हेच होय.

जाहिरात कशाची करावी?

ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर होते. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र सुमारे ६२५ आणि बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबविले. ऑक्टोबरमध्ये ती बंदी उठली ती मार्गदर्शक तत्त्वांसह. गाभा क्षेत्राच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन असावे आणि वाहनांची संख्या वनाच्या धारणशक्तीनुसार मर्यादित असावी, असा त्या तत्त्वांचा आशय आहे. शिवाय पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते.

याचा आर्थिक अर्थ बारावीचा विद्यार्थीही सांगू शकेल. ज्या वस्तूचा पुरवठा ठरावीक आहे आणि तो वाढविता येत नाही, तिची मागणी जाहिरातीने वाढविली तर वस्तू अधिक विकली जात नाही, तिची किंमत तेवढी वाढते. ताडोब्यात एका फेरीत किती जिप्सी आत जाणार हे ठरलेले आहे. उन्हाळ्यात पाणवठे आटू लागले की वाघ दिसण्याची शक्यता वाढते आणि त्या दिवसांत आरक्षण मिळणे कठीण होते. अशा वेळी सार्वजनिक पैशातून वाघाची आणखी जाहिरात केल्यास खोलीचे भाडे वाढेल, रिसॉर्टच्या मालकास लाभ होईल, आणि मध्यमवर्गीय शिक्षकाच्या कुटुंबास आपल्याच जिल्ह्यातील वाघ अधिक दुर्लभ होईल. वाघ ही स्वत:ची जाहिरात करण्यास समर्थ अशी वस्तू आहे. त्याला महानगरपालिकेच्या वर्गणीची गरज नाही.

ज्यांचा पुरवठा बांधलेला नाही अशा गोष्टींना मात्र प्रसिद्धीची खरी गरज आहे. समजा, दोन रात्रींसाठी आलेले कुटुंब तीन रात्री राहिले. अरण्यात एकही जिप्सी न वाढविता मुक्काम दीडपट झाले. तिसऱ्या दिवशी ते परकोट पाहील, भद्रावतीची मातीची भांडी, चिचपल्लीच्या केंद्रातील बांबूच्या वस्तू किंवा आरमोरीच्या कोशाचे वस्त्र विकत घेईल, शहरातल्या खाणावळीत जेवेल. हा खर्च लहान लहान हातांत जातो आणि येथेच पुन्हा खर्च होतो. म्हणून प्रस्तावित संस्थेचे यश किती पाहुणे आले किंवा किती गाड्या प्रवेशद्वारातून गेल्या यावर मोजू नये. किती रात्री, कोठे आणि कोणाच्या घरी राहिले, यावर मोजावे.

हंगामाचाही विचार यात आहे. वाघाचा हंगाम मुख्यत: उन्हाळ्याचा आणि चंद्रपूरचा उन्हाळा पाहुण्याची परीक्षा पाहणारा. परंतु दिवाळी सरली की या मुलखात मंडईचे दिवस येतात आणि झाडीपट्टीची रंगभूमी जागी होते. वडसा येथे नाटक कंपन्यांची कार्यालये गजबजतात, आणि गावोगावी रात्र-रात्र नाटके चालतात. एवढ्या मोठ्या प्रमाणात, तिकीट काढून, ग्रामीण प्रेक्षकांच्या आधारावर चालणारी रंगभूमी महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच असेल. पुण्याच्या नाट्यरसिकाने थंडीच्या दिवसांत येऊन शेकोटीच्या उबेला बसून एक झाडीपट्टी नाटक पाहावे, अशी सोय आजवर कोणी केली आहे काय?

आपले जुने पाहुणे

नव्या पाहुण्यांचा विचार करताना जुन्यांचा विसर पडू नये. चैत्रात महाकालीच्या यात्रेस मराठवाड्यातून आणि तेलंगणातून हजारो भाविक चंद्रपुरास येतात. ते झरपट नदीच्या काठी उतरतात, तेथेच चूल मांडतात, उघड्यावर झोपतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर मोठा समुदाय लोटतो. ही मंडळी आपल्या हिशेबात 'पर्यटक' नसतात, कारण ती विमानाने येत नाहीत. वस्तुत: या शहरात मुक्काम करणारा सर्वांत जुना आणि निष्ठावंत पाहुणा तोच आहे. त्याला स्वच्छ पाणी, शौचालय, सावली आणि रात्रीचा निवारा मिळावा यासाठी ज्या संस्थेला काही करावेसे वाटणार नाही, ती पर्यटनाची संस्था म्हणवून घेण्यास अपात्र आहे.

दूर दक्षिणेस सिरोंचालाही हेच लागू पडते. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर झाला तेव्हा त्या लहानशा गावाने अफाट गर्दी पाहिली. २०२७ मध्ये गोदावरीचा पुष्कर आहे. नाशिकच्या सिंहस्थाची तयारी वर्षानुवर्षे आधी सुरू होते. तीच गोदावरी महाराष्ट्राचा निरोप सिरोंचा येथे घेते, याची आठवण मात्र ऐन वेळी होते. नियोजनाची सवय अंगी बाणवायची असेल तर ही संधी समोर आहे.

वर्गणी कोणी भरावी?

आता पैशाचा प्रश्न. प्रदेशाची प्रसिद्धी ही सार्वजनिक वस्तू आहे. रस्त्यावरील दिव्याप्रमाणे तिचा प्रकाश वर्गणी देणाऱ्यावर पडतो तसा न देणाऱ्यावरही पडतो. त्यामुळे प्रत्येकास वाटते की शेजाऱ्याने भरावे आणि आपण उजेडात बसावे. याच कारणाने असे काम कोणी एक हॉटेलवाला किंवा एक नगरपालिका करीत नाही आणि संयुक्त संस्थेची गरज भासते. हा युक्तिवाद खरा आहे. पण त्यातूनच दुसरे तत्त्व निघते : ज्यास लाभ अधिक, त्याचा भार अधिक.

चंद्रपूर महानगरपालिका २०११ साली स्थापन झाली. तिचे उत्पन्न मुख्यत: मालमत्ता करातून आणि शासकीय अनुदानांतून येते. ताडोब्याच्या प्रवेशद्वारावरील शुल्कातील वाटा तिला मिळत नाही. तो पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातो आणि संवर्धनासाठी व परिसरातील गावांसाठी खर्च व्हावयाचा असतो, हे उचितच आहे. मोठी रिसॉर्टे शहराच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत आहेत. म्हणजे संयुक्त प्रसिद्धीचा पहिला लाभ ज्यांना होणार ते महानगरपालिकेला एक पैसाही कर देत नाहीत. अशा स्थितीत बाबुपेठेतील घरमालकाच्या करातून सारी वर्गणी भरणे न्यायाचे होणार नाही. म्हणून नियम असा असावा : रिसॉर्ट आणि हॉटेल यांनी खोल्यांच्या संख्येप्रमाणे वर्गणी द्यावी, आणि ती जमा झाल्यावर तेवढ्याच प्रमाणात महानगरपालिकेने आपला वाटा घालावा. ती आधी नसेल तर हाही नसावा.

मार्च २०२४ मध्ये चंद्रपुरात ताडोबा महोत्सव झाला. अशा उत्सवाने शहरात चैतन्य येते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मंडप उतरल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न विचारण्याचा नागरिकास अधिकार आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. घोषणा एका दिवसाची असते, मात्र रस्ते, स्वच्छता आणि प्रशिक्षित माणसे यांना दशके लागतात, हे त्या जिल्ह्याने अनुभवले आहे. आपण तो अनुभव फुकट घ्यावा.

घर आधी झाडावे

पाहुण्यास निमंत्रण देण्यापूर्वी घर झाडावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांची पाहणी केली. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषितांमध्ये चौथ्या क्रमांकावर होते, आणि २०१० मध्ये येथील नव्या उद्योगांवर काही काळ स्थगितीही आली. त्यानंतर पुष्कळ आराखडे झाले. पण २९२० मेगावॉटचे वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांच्या कुशीत वसलेल्या शहराची हवा केवळ आराखड्याने निवळत नाही. रामाळा तलाव आणि झरपट नदी यांची अवस्था सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. परकोटावर झाडेझुडपे माजली होती आणि बुरुजांवर कचऱ्याचे ढीग होते. इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी २०१७ मध्ये हातात कुदळ-फावडे घेऊन तो साफ करण्यास आरंभ केला. पुढे त्याच वाटेने नागरिकांना किल्ला दाखविण्याचा उपक्रमही सुरू झाला. त्यासाठी कोणत्याही प्रसिद्धी संस्थेची वाट त्यांनी पाहिली नाही. पर्यटनासाठी म्हणून जे करावयाचे त्यातील बरेचसे नागरिकांसाठी म्हणून करावयाचेच आहे. स्वच्छ तलाव पाहुणा दोन घटका पाहील, आपण जन्मभर पाहू. तुच्छतेच्या सुराला माझे उत्तर एवढेच आहे.

गडचिरोलीचा रास्त संशय

सर्वांत नाजूक प्रश्न गडचिरोलीचा आहे. हॉटेले, दुकाने आणि रेल्वे चंद्रपूरकडे. अरण्य, नद्या आणि आदिवासी गावे गडचिरोलीकडे. त्या जिल्ह्यात आजवर वडसा हे एकच रेल्वेस्थानक आहे. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक तेथील रस्त्यांवरून धावतात, आणि संपत्ती आपल्या दारावरून बाहेर जाते ही भावना तेथे आहे. त्यात आणखी एक संस्था आली आणि जंगल आमचे, गल्ला तुमचा, असा प्रकार झाला, तर तिला विरोध होईल आणि तो योग्यच असेल.

माओवादी हिंसाचाराच्या छायेमुळे या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या वाचकाने दीर्घकाळ केवळ चकमकींच्या बातम्यांत वाचले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह तेथे शस्त्रे खाली ठेवली. भीती ओसरू लागली की पाहुणे येऊ लागतील. परंतु ते कशासाठी येतील? अंदमानात जारवा लोकांना पाहण्यासाठी मोटारींची रीघ लागे. त्यांना खाऊ दाखवून नाचावयास लावल्याचे चित्रीकरण २०१२ मध्ये उघडकीस आले तेव्हा देशास लाज वाटली. माडिया गोंडांचे रेला नृत्य रिसॉर्टच्या हिरवळीवर ठरल्या वेळी सादर होऊ लागले, तर ते त्याच वाटेवरचे पहिले पाऊल ठरेल.

सुदैवाने याचे उत्तर गडचिरोलीनेच शोधून ठेवले आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये त्याला हा हक्क मिळाला आणि पुढे त्याच्या ग्रामसभेने आपला बांबू आपणच विकला. अशा ग्रामसभांच्या जंगलात पाहुणा न्यावयाचा असेल तर त्यांची संमती ही औपचारिकता मानू नये, ती पहिली अट मानावी. केरळात कुमारकोम येथे २००८ च्या सुमारास हॉटेलांनी स्थानिक महिला गटांनी पिकविलेला भाजीपाला विकत घ्यावा अशी व्यवस्था झाली. पंचायत मध्यस्थ होती, म्हणून ती व्यवहारात उतरली. येथे तांदूळ, मध, मोहफुले आणि भाजी यांबाबत तसे का होऊ नये?

माझ्या वर्गात एकदा बफर क्षेत्रातील गावाचा एक विद्यार्थी होता. पर्यटनावर चर्चा चालू असताना तो म्हणाला की, पाहुणे वाघ दिसला म्हणून आनंद करतात, आणि आमच्या घरी आई सरपणाला जाऊन परत आली, वाघ दिसला नाही, म्हणून आनंद होतो. वर्ग स्तब्ध झाला. मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या दिवसांत या जिल्ह्यातील माणसे वाघाच्या हल्ल्यात जीव गमावतात, आणि त्याच दिवसांत पर्यटनाचा हंगाम ऐन भरात असतो. वाघ राखण्याची किंमत जे देतात त्यांच्या हाती वाघाच्या उत्पन्नातील काय पडते, याचा हिशेब मांडल्यावाचून कोणत्याही प्रसिद्धीपत्रकास नैतिक अधिष्ठान लाभणार नाही.

म्हणून चंद्रपूर महानगरपालिकेने सभासदत्वाचा ठराव करावा, पण कोऱ्या कागदावर सही करू नये. वर्गणी प्रथम तीनच वर्षांसाठी असावी. संस्थेच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा गडचिरोलीस असाव्यात, त्या जिल्ह्याची वर्गणी कितीही कमी असो. ग्रामसभा, गाइड आणि होमस्टे चालविणाऱ्या कुटुंबांचे प्रतिनिधी तेथे मताधिकारासह बसावेत. एस. टी.ने मोहर्ली, चंद्रपूर, मार्कंडा असा नियमित मार्ग सुरू करावा, म्हणजे ज्याच्यापाशी मोटार नाही तोही पाहुणा होऊ शकेल. आणि दरवर्षी मुक्कामांचा गाववार हिशेब जाहीर व्हावा. तीन वर्षांनंतर शहरातील आणि गावांतील मुक्काम वाढलेले दिसले नाहीत, तर सभासदत्व सोडण्याचे धैर्यही दाखवावे.

स्थानकाच्या भिंतीवरचे वाघ रंगविणाऱ्या हातांनी आपले काम चोख केले. ते पाहून गाडीतून उतरणाऱ्या माणसास आज रात्री कोठे राहावे, उद्या काय पाहावे आणि त्याच्या पैशाने कोणाची चूल पेटावी, हे ठरविण्याचे काम मात्र आपले आहे.